डावी की उजवी

माझ्या बायकोनं माझ्या डोळ्यांदेखत एका परपुरुषाच्या काखेचा वास घेतला. आधी डाव्या, मग उजव्या. मग जरा मागे सरली आणि दुकानात गिऱ्हाइकाला दोन साड्यांतली एक सुचवावी इतक्या शांतपणे म्हणाली, "उजवी."

परपुरुष म्हणजे आमचा घरमालक. सत्तरी उलटलेला, अंगात बिनबाह्यांची बनियन, गिरगावातल्या आपल्या गॅलरीत दोन्ही हात वर करून उभा. उत्तर ऐकून त्याचा चेहरा असा खुलला की काय सांगू. "बघा, मी म्हणतच होतो," तो म्हणाला, "डावीकडे आरारूट जास्त झालंय." आणि हात खाली न घेता तसाच आत गेला.

मी तिथंच खुर्चीत पेपर घेऊन बसलो होतो. मला कोणी विचारलं नाही. तो गेल्यावर मी हिला म्हटलं, "तुला काही वाटतं की नाही?" तर म्हणते कशी, "अरे, आख्ख्या बिल्डिंगला विचारतात बिचारे, कोणी जवळ जात नाही. मी घेतला वास तर माझं काय झिजलं?" तिचं नाही झिजलं. माझं झिजायला लागलं, ते त्या दिवसापासून.

आम्ही तिथं जाण्याचं कारण साधं होतं. लालबागची आमची चाळ टॉवरसाठी पाडली. नवीन घर मिळेपर्यंत भाडं बिल्डर देणार होता, राहायची सोय आपली आपण बघायची. अर्धी चाळ बदलापूर-विरारला गेली. पण ही हिंदमाताला साड्यांच्या दुकानात, मी कॉटन ग्रीनला गोदामात. आम्हाला शहर सोडून चालणार नव्हतं. कोणीतरी सांगितलं, गिरगावात एक एकटे गृहस्थ आहेत, शेजारच्या दोन खोल्या द्यायच्यात, अट एकच, माणसं कचरा न करणारी हवीत. मी म्हटलं, आम्ही दोघंच, पोरगी लग्न होऊन नाशिकला, कसला कचरा करणार? 'कचरा' म्हणजे भांडणतंटा असं मी समजलो होतो. त्याला खराखुरा कचराच म्हणायचं होतं.

त्या माणसाच्या घरात कचऱ्याची पेटी नव्हती. पेटीच नाही. सामान लावताना मी बिस्किटाचं रिकामं पाकीट हातात धरून त्याला विचारलं, हे कुठं टाकू. त्यानं माझ्याकडे नाही, पाकिटाकडे बघितलं. म्हणाला, "आणलंत कशाला?" वाण्याकडे तो स्वतःचे डबे घेऊन जायचा. वाणी आधी रिकामा डबा तोलायचा, मग भरलेला, आणि मागची रांग मनातल्या मनात दोघांना शिव्या द्यायची. दुधाच्या पिशव्या धुऊन गॅलरीतल्या दोरीवर चिमटे लावून वाळत घालायचा. आम्ही मालवणी माणसं, माशांचं काय होणार याची मला धास्ती होती. मी घाबरत घाबरत विषय काढला तर म्हणाला, "खुशाल शिजवा हो. वास जातो. पाकीट जात नाही." हे वाक्य हिला इतकं आवडलं की तिनं दुकानात जाऊन सगळ्यांना सांगितलं. मी इतकी वर्षं गोदामातले किस्से सांगतोय, त्यातला एक कधी दुकानापर्यंत पोचल्याचं मला माहीत नाही.

तर काखेचं. बाजारात फवारे मिळतात, गोळे फिरवायच्या बाटल्या मिळतात, त्या सगळ्यांवर त्याचा दात. फवारा संपला की उरतो तो पत्रा कोण खातं, असं विचारायचा. म्हणून हा स्वतः घरी बनवायचा. मधमाशीचं मेण, खोबरेल, आरारूट, तुरटी, आणि वाळ्याची मुळं बुडवून ठेवलेलं तेल. उन्हाळ्यात खोबरेल पातळ होतं म्हणून मेण जास्त, थंडीत कमी. बिल्डिंगमधल्या म्हाताऱ्यांच्या संपलेल्या बामच्या बाटल्या, डब्या जमा करून, उकळून, त्यात हे ओतून ज्याला हवं त्याला फुकट द्यायचा. कोणी नाक मुरडलं तर सांगायचा, "यात नवीन काही नाही. माझी आई कपाळाला मेण लावून त्यावर कुंकू लावायची. तेच मेण, तेच खोबरेल. मी फक्त काखेत लावायला सांगतो." समोरची बाई असेल तर यावर तिला हसावं की रागवावं कळायचं नाही. आमच्या हिला कळलं. ती हसली.

तो काही शास्त्रज्ञ नव्हता हां. कुठल्याशा रंगाच्या कंपनीत हिशेब लिहून रिटायर झालेला माणूस. लग्न केलं नव्हतं. का, असं कोणी विचारलं तर म्हणायचा, "राहून गेलं." जणू नळ बंद करायचा राहून गेला. पण घामाच्या बाबतीत त्याचं मत कोर्टातल्या वकिलासारखं होतं. "घाम बिचारा निर्दोष असतो," हे तो दिवसातून कितीदा म्हणायचा देव जाणे. घामाला वास नसतो, कातडीवरचे जंतू तो खातात आणि ते वास करतात, नाव मात्र घामाचं खराब. पोस्टमन असो, गॅसवाला असो, जिने चढून धापा टाकत आला की हा त्याला पाणी द्यायचा आणि घामाची बाजू मांडायचा. गॅसवाला तर म्हणे दुसऱ्या कोणाला पाठवायला बघायचा.

रोज सकाळी एका काखेत जुनं मिश्रण, दुसऱ्यात नवीन. चौपाटीपर्यंत चालत जाऊन यायचं, घाम गाळायचा, आणि मग निकालासाठी माणूस शोधायचा. आमच्या आधी म्हणे तो स्वतःच मान वाकडी करून हुंगायचा. "पण स्वतःचं स्वतःला नीट कळत नाही," असं म्हणायचा. आता त्याला परीक्षक मिळाली होती. रोज सकाळी ही डबा भरता भरता गॅलरीत जायची, "डावी," "आज दोन्ही बेकार, अप्पा," असं सांगून परत यायची आणि पोळी उलटायची. ती त्याला अप्पा म्हणायची. तो तिला वहिनी. आता ती वहिनी, तर हिशेबानं मी भाऊ झालो की नाही? नाही. मला तो शेवटपर्यंत 'पाहुणे' म्हणाला. "काय पाहुणे, आज उशीर?" तीन वर्षं एका गॅलरीत राहिलेला माणूस पाहुणा असतो का?

डबी फुकट असली तरी परत द्यावी लागायची. 'डबी परत' हा त्याचा मंत्र. जिन्यात कोणी दिसलं की नमस्कार-चमत्कार नाही, आधी "डबी परत." खालच्या मजल्यावरच्या एक आजी वारल्या. हा भेटायला गेला, मीही बरोबर होतो. आजींच्या मुलाच्या खांद्यावर हात ठेवून बराच वेळ बसला, डोळे खरेच ओले झालेले. उठला, दारात चपला घातल्या आणि वळून अगदी हळू आवाजात म्हणाला, "डबी?" मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. तर आजींची सून आत गेली, देवघरातून डबी घेऊन आली आणि पदरानं डोळे पुसत हसायला लागली. म्हणाली, "आई परवापर्यंत लावत होत्या. सांगायच्या, बघा, तो मागायला येणार." मी हे घरी येऊन हिला सांगितलं, रंगवून सांगितलं, त्याचा आवाज काढून सांगितलं. ही हसली नाही. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. म्हणाली, "किती चांगलं केलं रे अप्पांनी." मी सांगितलं ते फुकट गेलं, मार्क त्याला.

मला त्याचा खरा राग कधी यायला लागला ते सांगतो. एका संध्याकाळी ही दुकानातून आली. दिवसभर उभं राहून ठाण काढायचं, साड्या वरच्या फळीवरून ओढायच्या, खांद्यावर टाकून दाखवायच्या, हात सारखे वर. गॅलरीतून येत होती आणि तो दोरीवरच्या पिशव्या काढत होता. म्हणाला, "वहिनी, हात अंगापासून लांब धरून का चालता? काखेत काही झालंय का?" हिनं पर्स खाली ठेवली. मग सांगितलं, फवाऱ्यानं आग होते, पुरळ आलंय, बरेच दिवस झाले, पण दुकानात घामाचा वास आला तर शेठ बोलतो म्हणून मारावा लागतो.

मी दारात उभा होतो. बरेच दिवस झाले. मी रोज तिच्या शेजारी झोपतो. मला तिनं सांगितलं नव्हतं आणि मी बघितलं नव्हतं. आणि या पिशव्या वाळवणाऱ्या माणसानं गॅलरीच्या दुसऱ्या टोकावरून बघितलं. तो फवारा तर मीच आणून द्यायचो, चांगला महागातला. त्यानं तिला आधी आठवडाभर नुसतं खोबरेल लावायला सांगितलं आणि मग तिच्यासाठी वेगळी डबी केली. तिचं पुरळ गेलं. ती हात मोकळे सोडून चालायला लागली, आणि तिच्या अंगाला वाळ्याचा वास यायला लागला. छान वास होता, खोटं कशाला बोलू. पण तो त्या माणसाच्या हातचा होता. रात्री कूस बदलली की माझ्या नाकाशी मालक.

मग ती त्याच्याकडे शिकायला लागली. रविवारी दुपारी जेवणं झाली की ती त्याच्या स्वयंपाकघरात जायची. दारं सगळी उघडी, वावगं काही नाही, ते मलाही कळत होतं. मी काही मूर्ख नाही. पण मधे भिंत एकच, आणि भिंतीपलीकडून तिचं हसणं यायचं. तिचं हसणं मी लहानपणापासून ओळखतो. आम्ही एकाच चाळीतले, समोरासमोरच्या खोल्यांतले. लग्नाआधी ती अशी हसायची की तिची आई वरून ओरडायची. मी मोगऱ्याचा गजरा तिच्या खिडकीच्या गजात अडकवून पळून जायचो, आणि तिचे वडील तो देवासाठी कोणी ठेवला समजून गणपतीच्या फोटोला घालायचे. यावर आम्ही जिन्याखाली उभे राहून किती हसलोय. मग लग्न झालं, पोरगी झाली, तिचं शिक्षण, माझी आई आजारी, दोन नोकऱ्या, आणि हसणं कुठं गेलं ते कोणी बघितलं नाही. भांडण नव्हतं आमचं. मी काही सांगितलं की ती "हं" म्हणायची आणि मीही तेवढंच म्हणायचो. आता ते हसणं परत आलं होतं, पण पलीकडच्या खोलीत.

मला दुसरं काही नको होतं. ती माझ्यापाशी तशी एकदा हसायला हवी होती. बाकी मेण आणि खोबरेल त्याला लखलाभ.

मी विचारायचो, "काय एवढं हसत होतात दोघं?"

"काही नाही रे. असंच."

"असंच म्हणजे काय?"

"असंच म्हणजे असंच. गप रव आता."

हे 'असंच' मला फार लागायचं. मी मुद्दाम गोदामातल्या गमती आठवून ठेवायला लागलो. एकदा चहा पिताना सांगितली, आमच्या वॉचमनच्या बोकडाची. संपल्यावर तिनं विचारलं, "मग बोकडाचं काय झालं?" म्हणजे बघा.

दिवाळीनंतरची गोष्ट. दुकानात लग्नसराईची गर्दी सुरू झालेली, हवेत उकाडा तसाच. मी ठरवलं, तो करतो तर आपण का नाही करायचं? त्यात काय मोठं अवघड आहे? भिंतीपलीकडून मला सगळं ऐकू यायचंच. मेण वितळव, खोबरेल घाल, आरारूट घाल, आणि मग त्याचा ठरलेला धडा: "वहिनी, सगळं लाहीवर असतं. लाही नीट फुलली पाहिजे. मग खलात अगदी पिठासारखी करा, नाहीतर टोचते." मी ऐकून घेतलं. लाही तर लाही. घरात लक्ष्मीपूजनाच्या लाह्या-बत्ताशांची पुडी उरलेली होतीच. मालकाच्याच भाषेत सांगायचं तर वाया घालवायचं कशाला? मी बत्तासे निवडून बाजूला काढले, साळीच्या लाह्या मिक्सरमधून काढल्या, चाळल्या. ती दुकानात, मालक चौपाटीवर. मेण वितळवलं, खोबरेल घातलं, लाह्यांचं पीठ घातलं. वाळा मात्र घातला नाही. भुलेश्वरला जाऊन मोगऱ्याचं अत्तर आणून ठेवलं होतं, ते घातलं. मग तिच्या डबीतलं त्याचं मिश्रण चमच्यानं खरवडून काढलं आणि त्यात माझं ओतलं. थंड झाल्यावर दिसायला हुबेहूब तसंच. केलं, आणि मला त्याचं काही वाईट वाटत नाही. बायको माझी आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं ते लावलं, जराशी थांबली, बोटांचा वास घेतला. मी दाढी करता करता आरशातून बघत होतो. मग डबा घेऊन गेली. त्या दिवशी गोदामात मी सगळ्यांना चहा पाजला. कशाबद्दल, ते विचारू नका म्हटलं.

चार-सहा दिवस गेले. त्या शुक्रवारी ती संध्याकाळी आली ती तडक मालकाच्या दारात. मी मागोमाग. दुकानात कोणाच्या तरी लग्नाचा बस्ता बांधायला मोठं कुटुंब आलेलं, गादीवर पसरलेलं, ही उभी राहून शालू खांद्यावर टाकून पदर दाखवत होती. तर नवरीची आत्या म्हणाली, "अहो बाई, तुमच्या बाहीवर रांग लागलीय." मुंग्या. काळ्या मुंग्या, कोपरापासून काखेपर्यंत, अगदी शिस्तीत. नवरी किंचाळली, शालू खाली पडला, ते कुटुंब उठून समोरच्या दुकानात गेलं. शेठनं सगळ्यांसमोर काय काय ऐकवलं ते तिनं सांगितलं नाही. "आणि खवटही मारतंय अप्पा दोन दिवस," ती म्हणाली आणि डबी त्याच्यापुढे धरली. आवाज रडवेला झाला होता.

मालकानं डबी उघडली. नाकाशी नेली. बोटानं थोडं घेऊन अंगठ्यावर घासलं, उजेडाकडे धरलं. मग चक्क जिभेला लावलं. आणि मान वर करून माझ्याकडे बघितलं.

मला वाटलं, संपलं. आता हा बोलणार, ही वळून माझ्याकडे बघणार, आणि उरलेला जन्म मी मुंग्यांचा माणूस म्हणून काढणार.

"वहिनी, माझी चूक," मालक म्हणाला. "या खेपेला लाही बदलली गेली. तुम्हाला माझ्यामुळे ऐकून घ्यावं लागलं. मी येतो उद्या तुमच्या शेठशी बोलायला."

आणि खरंच गेला की. इस्त्रीचा सदरा घालून हिंदमाताला गेला, शेठसमोर हात जोडून उभा राहिला, दोष आपल्या डबीचा आहे म्हणून सांगितलं. शिवाय जाताना शेठलाही एक डबी देऊन आला. घाम निर्दोष असतो हे त्यालाही सांगितलंच असणार.

सोमवारी सकाळी गॅलरीत आम्ही दोघंच होतो. तो पिशव्या वाळत घालत होता. माझ्याकडे न बघता म्हणाला, "पाहुणे, तुरटीची लाही. तुरटी तव्यावर टाकली की वितळते, उकळते, मग पांढरी फुलून येते, तिला लाही म्हणतात. साळीची नव्हे." तो पुढे म्हणाला, "मोगरा मात्र बरोबर पडलाय. तो माझ्या लक्षात यायला हवा होता."

त्याच्या लक्षात कसा येणार होता? मोगऱ्याचं त्याला काय माहीत? पण त्या आठवड्यापासून तिच्या डबीत मोगरा आला. माझ्याजवळ तिच्याबद्दलचं एवढं एकच उरलं होतं, तेही त्यानं आपल्या पातेल्यात घातलं. आणि वर मला सांभाळून घेतलेलं. आता त्याच्यावर धड रागावताही येईना. माणसानं माणसाला निदान राग तरी करू द्यावा ना. हा तेवढंही शिल्लक ठेवणारा नव्हता.

नवीन घराच्या चाव्या मिळाल्या तेव्हा मी पेढे वाटले आणि ही दोन दिवस धड जेवली नाही. निघताना तिनं वाकून नमस्कार केला. मालक म्हणाला, "तिकडे लिफ्ट आहे ना? मग घाम कमी येईल. वाईट झालं." मला म्हणाला, "येत जा पाहुणे." मी हो म्हटलं आणि गेलो नाही. ती जायची, महिन्या-दोन महिन्यांनी, दुकानातून परस्पर. आल्यावर तिचा चेहरा बघूनच मला कळायचं. मी विचारायचं सोडून दिलं होतं.

मागच्या वर्षी त्याच्या पुतण्याचा फोन आला. झोपेतच गेला म्हणाला, कोणाला त्रास दिला नाही. आम्ही दोघं भेटायला गेलो. पुतण्या डोंबिवलीचा, त्याला मी आधी कधी बघितलं नव्हतं. चहा झाला, चार बोलणी झाली. मी कुठं असतो, काय करतो सांगितलं, तसा तो माझ्याकडे निरखून बघायला लागला.

"म्हणजे बोहनीला नऊवारी घेऊन गेले ते तुम्हीच का?"

मीच तो. ही गोष्ट तेहतीस-चौतीस वर्षांपूर्वीची असेल. हिचा दुकानातला पहिला दिवस. सकाळपासून एकही साडी खपली नव्हती आणि ही रडकुंडीला आली असणार म्हणून मी कामावर दांडी मारून गिऱ्हाईक बनून गेलो. ओळख दाखवायची नाही असं ठरवून. तर घाबरून हिनं हाताला लागली ती नऊवारी काढली आणि घाबरून मी ती घेतली. माझी आई जन्मभर सहावारी नेसली. ती साडी शेवटी आमच्या मंडळाच्या देवीला गेली. हे मला वाटायचं हिच्या लक्षातसुद्धा नसेल. लग्नानंतर तिनं एकदाही हे नाव काढलं नव्हतं.

"काका सांगायचे आम्हाला," पुतण्या म्हणाला. "हसून हसून खोकायचे. तुमच्या सगळ्या गोष्टी आमच्या घरी पाठ आहेत. पोरं तर विचारायची, आजोबा, लालबागवाल्यांची नवीन काही आली का? तुमच्या मिसेस छान सांगतात म्हणायचे. म्हणायचे, ही बाई नवऱ्याबद्दल बोलायला लागली की रविवार कसा जातो कळत नाही."

मी हिच्याकडे बघितलं. ती खिडकीबाहेर बघत होती.

परतताना बसमध्ये खिडकीजवळ ती, बाजूला मी. लालबाग जवळ आलं. शेवटी विचारलं, "माझंच सांगत होतीस? दर रविवारी?"

"मग काय सांगणार?" ती म्हणाली. "मला दुसरं काय येतं सांगायला? ते बिचारे एकटे, हात मेणात, म्हणायचे, सांगा वहिनी, पाहुण्यांनी मग काय केलं."

"मला सांग ना त्यातली एखादी."

ती हसली. तसं नाही, थोडंसं. "तुला काय सांगू मेल्या? तिथं तू होतास ना."

आणि पर्स उघडून घराची चावी शोधायला लागली.

खरंच होतो मी तिथं. प्रत्येक ठिकाणी होतो. तिनं त्याला काय काय सांगितलं असेल ते मला अंदाजानं सगळं माहीत आहे. ऐकलं मात्र त्यानं.